फुफीचा हात

आपल्या फातिह्याचा पुलाव कसा झाला होता, हे जहिराने विचारलं ते सहादेव गाडीवानाला. विचारलं चेष्टेनं, पण सहादेव रडायलाच लागला आणि तिची पंचाईत झाली.

नगरहून आलेली सर्व्हिस मोटार तिला कोल्हारच्या नाक्यावर उतरवून मनमाडच्या रस्त्याला लागली होती. सकाळचे नऊ वाजले असतील. सहादेव बैलांना कडबा टाकत उभा होता. त्याने तिला पाहिलं, हातातली पेंढी तशीच धरली आणि आधी तिची पावलं बघितली. ती सुलटी आहेत अशी खात्री झाल्यावरच वर तोंडाकडे बघितलं. मग तिची ट्रंक गाडीत घेतली.

"पुलाव लई चांगला झाल्ता," डोळे पुसत तो म्हणाला. "म्या दोन ताटं खाल्ली. माज्याच तोंडानं तुज्या मरनाची बातमी आनली आन् त्याच तोंडानं पुलाव खाल्ला. मला आता कुटं जागा मिळायची, पोरी?"

तीन वर्षांपूर्वी सहादेव गूळ घेऊन नगरला गेला होता आणि बरोबरच्या मंडळींनी त्याला बोलपटाला नेलं होतं. पडद्यावर जहिरा. हॉटेलात गाणारी बाई झालेली. खलनायकाने सुरा काढला, तो नायकाला लागायचा तो हिला लागला आणि ही जिन्यावरून गडगडत खाली आली. सहादेव काही खुळा नव्हता. बोलपटात सगळी सोंगं असतात हे त्याला ठाऊक होतं. पण जहिराला त्याने लहानपणापासून आपल्या गाडीत बसवून बाजाराच्या गावांना नेलं होतं. चोरून पेरू खाल्ला तरी कुणी विचारायच्या आत सांगून टाकणारी ती पोर. तिला सोंग कुठून येणार? तेव्हा बाकीचे सोंग करतात आणि जहिरा खरोखर मेली, असा त्याने सरळ हिशेब केला. बोलपट अर्धा टाकून तो उठला, कोल्हारला आला आणि तिच्या बापाच्या, बाबाजान मणियारांच्या दारात बसून ऊर बडवून घेतला.

घर रडलं. चाळिसाव्या दिवशी तिच्या नावाने दुवा मागून फातिहा झाला, सगळी आळी जेवून गेली. आणि त्यानंतर बारा दिवसांनी जहिराचं ईदचं पत्र आलं.

ते फोडलं तिच्या थोरल्या भावाने, दाऊदने. तीनदा वाचलं आणि पेटीच्या तळाशी घातलं. सांगितलं फक्त बायकोला, मुबारकबीला. बाप नुकताच कुठे सावरला होता, त्याला पुन्हा का हलवायचं, असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. पळून गेलेल्या बहिणीबद्दल लोक सहा वर्षं काय काय बोलत होते, ते फातिह्याच्या पुलावाबरोबर एकदम बंद झालं होतं. मेलेल्या माणसाला कुणी नावं ठेवत नाही. दाऊदला तेवढी स्वस्थता हवी होती. मग फरीदाच्या, त्याच्या एकुलत्या एका लेकीच्या, सोयरिकीचं बोलणं देवळाली प्रवरेला सुरू झालं तेव्हाही त्याने तेच सांगितलं. मुलीला फुफी होती, आत्या, ती वारली.

मुबारकबीला हे पोटात ठेवणं जमलं नाही. शेजारच्या लंकाबाईच्या मुलाकडून तिने मुंबईला पत्र लिहवून घेतलं. त्यात फातिह्याची, पुलावाची, सगळी हकिगत होती आणि शेवटी लिहिलं होतं, 'फरीदाचं लगीन आहे. तू मेली आहेस, पण ये.'

आणि ती आली होती. गाडी ओढ्यातून आळीकडे वळली तेव्हा जहिराने पदर तोंडावर ओढून घेतला. हे तिला नवीन होतं. मुंबईत फोर्टातल्या हॉटेलात पहिल्या दिवशी गायला उभी राहिली तेव्हासुद्धा तिने तोंड झाकलं नव्हतं. भगवतीच्या जत्रेला आलेल्या नाटक कंपनीबरोबर ती गेली, ती कंपनी सहा महिन्यांत पुण्यात मोडली. मुंबईत गोवेकर वादकांच्या बँडबरोबर तिला एक हिंदुस्तानी गाणं म्हणायला मिळालं, तेही वेटर उष्ट्या बशा उचलत असताना. वर्षाभरात ती बशा मांडल्या जात असताना गाऊ लागली. तिसऱ्या वर्षी लोक टेलिफोन करून आधी विचारायचे की आज ती गाणार आहे का, आणि मग टेबल राखायचे. इंग्रजी नाचाच्या चाली तिने कानाने उचलल्या. अधूनमधून बोलपटवाले बोलवायचे. तीन बोलपटांत मिळून तिच्या वाट्याला अकरा वाक्यं आली होती. हॉटेलच्या मॅनेजरला तिचं नाव मिस रोझी ठेवायचं होतं. तिने ऐकलं नाही. दारावरच्या पाटीवर नाव होतं, जहिरा कोल्हारवाली.

त्या कोल्हारात ती मेलेली होती, आणि आज तिला भाचीचा चुडा भरायचा होता. त्यासाठीच ती आली होती. मणियारांच्या घरची रीतच तशी. गावातल्या पोरीबाळींचे चुडे मणियार भरतो, पण स्वतःच्या लेकीच्या हाताला बाप हात लावत नाही. तो मान फुफीचा. दुसऱ्या कुणी भरला तर चालतं, पण मग तो उसना चुडा म्हणतात. त्याआधी मुलीच्या घरच्या हाताने मुलाच्या आईला बांगड्या भरायच्या. ती बांगडी विहिणीच्या हातात गेली की सोयरीक पक्की. त्यानंतर वरात परत नेता येत नाही. बाबाजानना मुलगी एकच, त्यामुळे फरीदाला फुफीही एकच.

मांडवात ढोलकी वाजत होती. कनातीच्या अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. जहिरा मागच्या दाराने आत आली. मुबारकबीने तिला पाहिलं, तोंडावर पदर धरला आणि दंडाला धरून माजघरात ओढलं. गळ्यात पडून पोटभर रडायचंही जमलं नाही, कारण मागोमाग दाऊद आला होता.

"कशाला आलीस?" तो दबक्या आवाजात म्हणाला. त्याच्या कानांच्या वर केस पिकले होते. जहिराला ते आधी दिसलं आणि तिला वाईट वाटलं.

"फरीदाचा चुडा भराया."

"तू वारली हायेस, जहिरा. देवळालीकरांना म्या स्वता सांगितलंय. त्यांचा तो रशीदमिया, नवऱ्या पोराचा चुलता, लई कडक मानूस हाय. तू हॉटेलात गातीस ह्ये कळलं तर आत्ताच्या आत्ता वरात फिरवील."

"मग काय करू? परत मरू?"

"तसं न्हाई." दाऊदने घाम पुसला. "फरीदाला हितं आत आनतो. तू गुपचूप भर. भाईर सांगू की खर्ड्याच्या मावशीनं भरला."

"अंधारात?" जहिरा म्हणाली. "दाऊदभाई, नऊ वर्षं मी तोंडावर दिवा घेऊन गातेय. माझं नाव पाटीवर असतंय. नाव लपवून मी हॉटेलात बी गायले न्हाई, आन् घरच्या चुड्याला लपवू?"

"वहिनीनं तुला बोलावलं ती चूक झाली."

"चूक तुमची झाली," मुबारकबी मध्येच म्हणाली. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याला असं तोंडावर ती पहिल्यांदाच बोलली असावी, कारण दाऊद तिच्याकडे बघतच राहिला. "जित्या मानसाचं पत्र पेटीत पुरलं तुमी. अब्बांना सुदिक सांगितलं न्हाई."

"लेकीचं लगीन मोडलं तर तुला चालंल?"

आठ वर्षांची फरीदा जहिराला आठवली. आपण गेलो त्या दिवशी ही पोर उंबऱ्यात बसून तुटक्या बांगड्यांची नक्षी मांडत होती. तिचं लग्न आपल्या मानापायी मोडायचं? मुंबईत कितीतरी जणांनी तिला उठून जा म्हटलं होतं आणि ती उठली नव्हती. पण हे घर होतं. इथे हरणं तिला कधी इतकं सोपं वाटलं नव्हतं आणि इतकं जडही.

"बरं," ती म्हणाली. "लंकाबाईकडं बसते निका होईस्तोर. चुडा भरू दे कुनालाबी. पोरीचं भलं होऊ दे."

ती ट्रंकेकडे वळली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की बाहेर ढोलकी वाजत नाहीये.

ती कधी थांबली हे तिघांनाही कळलं नव्हतं. दाऊद कुजबुजत होता खरा. मुबारकबी पदराआडून बोलत होती. पण जहिराची कुजबुज? बँडच्या वर आवाज नेता नेता नऊ वर्षांत तिची कुजबुज म्हणून काही शिल्लकच राहिली नव्हती. माजघरातला तिचा एकूण एक शब्द मांडवातल्या चाळीस बायकांनी ऐकला होता.

"आत कोन हाय तिला भाईर येऊ द्या," मांडवातून हाक आली. आवाज नवऱ्या मुलाच्या आईचा, चांदबीचा.

आता लपण्यात काही अर्थ नव्हता. जहिरा डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. बायकांनी वाट केली. मध्ये सतरंजीवर चांदबी बसली होती. उंच, हाडापेराने मजबूत, उसाच्या फडात राबलेली बाई. शेजारी खाली मान घातलेली फरीदा आणि समोर हिरव्या बांगड्यांचं ताट. चांदबीने जहिराला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"राहुरीच्या बोलपटाच्या तंबूत बघितलंय मी हिला," ती म्हणाली. "दोनदा बघितलं, दोन्ही टायमाला रडले. दाऊदमिया, तुमची भैन वारली म्हनून सांगितलं तवा मला काय ठावं, तुमीबी त्योच बोलपट बघून आलात."

एक-दोन बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या, कारण चांदबी हसत नव्हती.

कनातीपलीकडून रशीदमियाचा आवाज आला. "भाभी, उठा. खोटं बोलनाऱ्याच्या घरात पानी प्यायचं न्हाई. आन् नाचगानं करनारीच्या घरात तर न्हाईच न्हाई."

"थांबा की जरा," चांदबी म्हणाली. "मला इचारायचंय." मग जहिराकडे बघून, "तू सांग. मुंबईत काय करतीस?"

मुबारकबी घाईने पुढे झाली. "ती दवाखान्यात असती, आजारी मानसांचं..."

"भाभी, ऱ्हाऊ दे," जहिरा म्हणाली. समोर माणसं बसली आहेत आणि आपण उभ्या आहोत, ही तिची रोजची जागा होती. "हॉटेलात गाते. गोऱ्यांपुढं गाते, आपल्या लोकांपुढं बी गाते, टेबल घेईल त्याच्यापुढं गाते. ती लोकं दारू पीत असत्यात. मी पीत न्हाई. पहिल्या साली माझं गानं कुनी ऐकत नव्हतं, आता मी गायला लागले की सुऱ्या-काट्यांचा आवाज बंद होतो. गानं झालं की माझ्या खोलीवर जाते. कुलूप माझं आन् किल्ली बी माझी. मला त्याची लाज वाटत न्हाई. ह्या घरात तुमच्याशी खोटं बोलले असते तर वाटली असती."

तेवढ्यात कनात हलली आणि हातातली काठी जमिनीवर टेकवत बाबाजान आत आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. रोजच्या वाटेवर ते कुणाचा हात धरत नसत. आज वाट ओळखीची नसूनही धरला नाही.

"ह्यो आवाज कुनाचा?" त्यांनी विचारलं.

जहिरा पुढे झाली आणि तिने नुसता हात त्यांच्या हातात दिला. बाबाजाननी तो मणियाराच्या सवयीने धरला. अंगठ्याचं मूळ दाबलं, बोटं जुळवून बघितली, पंजाची रुंदी चाचपली. पन्नास वर्षं त्यांनी हेच केलं होतं. चेहरे विसरायचे, माप विसरत नसत.

"माप दोन-चार," ते म्हणाले. "डाव्या अंगठ्याचं हाड जरा वर. ह्यो माझ्या लेकीचा हात हाय."

मग त्यांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. "दाऊद, तुला म्हाईत हुतं?"

दाऊद दारात उभा होता. "व्हय, अब्बा."

"तीन साल मला कबर नसलेल्या लेकीसाठी दुवा मागाय लावलीस."

दाऊदने मान खाली घातली. इतकं हताश होताना जहिराने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिचा राग होता तो तिथेच विरघळला. तिला वाटलं, आता पुरे, याला आणखी कुणी बोलू नये.

पण बाबाजान त्याला बोलणार नव्हते. ते कनातीकडे तोंड करून बोलू लागले. "रशीदमिया, ऐका. हिला गायला कंपनीवाल्यांनी शिकवलं न्हाई. मी बसवलं. सहा वर्साची हुती. मी बाजारात बायकांचे हात मळायचो आन् ही बाजूला बसून गायची. गानं ऐकताना बाईचा हात ढिला पडतो, बांगडी अलगद जाते. राहुरी, लोनी, देवळाली. तुमच्या गावच्या बायकांनी बी हिच्या गान्यावर चुडे भरलेत. तेरा वर्सं हिच्या गान्यावर माझ्या घरची चूल पेटली. तवा कुनी नाव ठेवलं न्हाई. आता नाव ठेवायचं तर मला ठेवा, मी हितं उभा हाय."

"त्ये येगळं, चाचा," रशीदमिया म्हणाला. "बाजार येगळा, हॉटेल येगळं."

"बाजारात बी परके लोक असत्यात," चांदबी म्हणाली. "मला त्यो बाजार आठवतोय. चिंचेखाली एक लहान पोर गायची. तीच का तू?" उत्तराची वाट न बघता ती नीट मांडी घालून बसली. "ह्या घरात एक मानूस खोटं बोललं, दाऊदमिया. त्येचा राग माझ्या मनातनं लवकर जायचा न्हाई. पन दवाखान्याचं सांगून सुटता येत असताना हिनं खरं सांगितलं. माझ्या घरी पोरगी येनार ती हिच्यासारखी निघाली तर माझं काय वाईट हाय?" आणि तिने आपला उजवा हात जहिरापुढे केला. "भर."

"भाभी, हात मागं घ्या," पलीकडून आवाज चढला. "बांगडी गेली की मग..."

"मला ठावं हाय काय होतंय ते. हात माझा हाय आन् पोरगा बी माझा."

जहिरा खाली बसली. तिने तो हात हातात घेतला. नऊ वर्षांत तिने बांगडी भरली नव्हती. चांदबीचा पंजा रुंद, उसाच्या पाचटाने खरबरीत झालेला. तिने दोन-आठची बांगडी उचलली, बोटं जुळवली, अंगठा आत मुडपला आणि सरकवली. हाडापाशी बांगडी अडली. तिने जोर केला. काच कटकन् फुटली.

बायकांच्या तोंडून एकदम श्वास निघाला. विहिणीच्या पहिल्याच बांगडीला असं व्हावं, ते काय चांगलं? रक्ताचा बारीक थेंब चांदबीच्या मनगटावर आला.

"बघा," कनातीपलीकडून रशीदमिया म्हणाला. त्याला कुणीतरी कळवलंच होतं.

"काय बघा?" चांदबीने पदराने थेंब टिपला. "नऊ वर्सं हात बसलेला न्हाई, एक जायचीच. दुसरी घे गं."

"गा," बाबाजान म्हणाले. "गायल्याबिगर तुला भरता येत न्हाई. कधीच येत नव्हतं."

जहिराने जुनं काही आठवून पाहिलं. लहानपणची ती गाणी कुठेतरी होती, पण या क्षणी एकही वर येईना. वर आली ती हॉटेलातली नाचाची एक संथ चाल, शनिवारी अखेरीला म्हणायची. शब्द इंग्रजी, ते तिने सोडले आणि नुसते सूर धरले. एक, दोन, तीन. एकाला अंगठ्याचं मूळ दाबायचं, दोनला पंजा फिरवायचा, तीनला बांगडी पुढे सारायची. हे इतकं चपखल बसलं की तिला स्वतःलाच नवल वाटलं. साहेबलोक या तालावर गिरक्या घेत, इथे तिच्या हातात एक दणकट पंजा हळूहळू ढिला पडत होता. चांदबीचे डोळे मिटले. बांगडी हाडावरून उतरली आणि मनगटात जाऊन पडली. दुसरी गेली. तिसरी गेली. ढोलकीवालीने चार मात्रा सोडून तीन धरल्या. आधी दोनदा चुकली, मग बरोबर आली.

बारावी बांगडी गेली तेव्हा चांदबीने हात हलवून त्या वाजवल्या. कनातीच्या पलीकडे रशीदमियाला ऐकू जाईल एवढ्या जोरात.

"कुठलं गानं हाय ह्ये?"

"हॉटेलातलं."

"चांगलं हाय की," चांदबी म्हणाली. "आता माझ्या सुनेचा भर."

फरीदाने हात पुढे केले. मऊ, सव्वादोन इंचाचं माप, आजोबांसारखी लांब बोटं. जहिरा भरत होती आणि डोळ्यांपुढे धुकं येत होतं, तरी एकही बांगडी अडली नाही. सगळ्या मांडवादेखत, दिवसाउजेडी, स्वतःच्या नावाने ती भाचीचा चुडा भरत होती. मुंबईत टाळ्या तिला रोज मिळत. हे त्याहून मोठं होतं आणि तिने ते मनातल्या मनात कबूल करून टाकलं.

"फुफी, तू परत जाशील?" फरीदाने हळूच विचारलं.

"शनवारी कार्यक्रम हाय, गं. जायाच पाहिजे."

"जाऊ दे तिला," बाबाजान शेजारूनच म्हणाले. "पन आता पत्र माझ्या नावानं धाडायचं. वाचून घ्यायला मी दुसरा मानूस बघीन."

चुडा भरून झाला तशा बाकीच्या बायका सरसावल्या. कोल्हारच्या आल्या, देवळालीच्या आल्या, लंकाबाई तर कोपराने वाट काढत आली. जहिराला ताटातून माप शोधायला उसंत मिळेना. तेवढ्यात कुणीतरी तिच्या डाव्या अंगाला येऊन बसलं. दाऊद होता. बायकांच्या मांडवात, ताटाशी. काही न बोलता तो समोरच्या हातांकडे एकेक नजर टाकू लागला आणि योग्य मापाच्या बांगड्या वेगळ्या करून तिच्या हातात देऊ लागला. लहानपणी तो अब्बांना द्यायचा तशा. ती त्याच्याकडे बघेना, तो तिच्याकडे बघेना. पण हाताला हात लागत होता.

शेवटी रशीदमियाची बायको, शरीफाबी उरली. ती खांबाशी उभी होती. नवऱ्याचा राग कनातीआडून तिला दिसत नव्हता तरी जाणवत असावा. तिने हात पदराखाली धरले होते, पण डोळे ताटावर होते. जहिरा थांबली. बोलवायचा धीर तिलाही होईना.

दाऊदने हिरव्या बांगड्यांचा एक जोड उचलला, मापाला डोळ्यांसमोर धरला आणि पुरुषांच्या बाजूला ऐकू जाईल अशा आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणाला, "बसा भाभी. ही माझी भैन, जहिरा. मुंबईत गाती."

शरीफाबी पुढे आली, बसली, आणि तिने दोन्ही हात पुढे केले.